चित्रांतला अग्नि

चित्रांत काढलेल्या अग्नीनें हात पोळत नाहीं, असें मीं वर्गांत मुलांना कितीदां तरी सांगितलें असेल. यंदा मात्र माझा हात चित्रांतल्याच अग्नीनें पोळला, त्याची ही हकीकत.

ज्यांच्या पायाशीं बसून मी कौमुदी शिकलों, त्या शास्त्रीबुवांची दृष्टि आतां अगदीं मंद झाली आहे. छापील धातुपाठ त्यांना वाचवत नाहीं. म्हणून त्यांतील सुमारें २००० धातु एका फाईलींत उतरवावे, आणि धातु लिहितांच तो अर्थासह मोठ्या ठळक अक्षरांत दिसावा, अशी एक खिडकी संगणकावर करून द्यावी, असें मीं मनांत आणलें. पुतण्यानें व्हिज्युअल स्टुडिओमधील विंडोज फॉर्म्सची सोय दाखविली. तींत खिडकीचा आराखडा डोळ्यांसमोर मांडतां येतो. बटण उचलावें, हवें तेथें ठेवावें. त्यामागचा कोड यंत्र आपण होऊन ‘डिझायनर’ नांवाच्या फाईलींत लिहितें. धातूंची यादी दाखविणारा भाग मीं वेगळा बनवून त्या खिडकींत बसविला.

गुरुपौर्णिमेला चार दिवस राहिले असतां एके सकाळीं आराखडा उघडेना. खिडकीच्या जागीं एक पांढरें पान आणि त्यावर चुकांची लांबलचक यादी! प्रोग्राम चालविला तर तो मात्र सुरळीत चाले. मी घाबरलों. ती ‘डिझायनर’ फाईल हातानें बदलूं नये, अशी सूचना तींतच असते. पण पुसूं नये असें कोठें लिहिलें होतें? मी पुसावयास निघालों, तों पुतण्यानें हात धरला. “काका, आधीं तें पान वाचा तरी.” ‘प्रश्न नीट वाचा’ असें सांगण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला हें ऐकावें लागलें!

वाचलें. फाईल सांपडत नाहीं, असें तेथें सरळ लिहिलें होतें; आणि ती फाईल माझीच, धातूंची! मग उलगडा झाला. आपण जी खिडकी मांडतों ती स्वतः आराखड्यांत जन्मास येत नाहीं. तिच्या मूळ जातीची रिकामी खिडकी उभी करून यंत्र मांडणी ओळीओळीनें वाचतें. परंतु तिच्यावर ठेवलेले भाग खरोखर जन्मतात, आणि जन्मतांना ‘कन्स्ट्रक्टर’मध्यें लिहिलेलें सारें करतात. आदल्या रात्रींच मीं फाईल वाचण्याचें काम तेथें घातलें होतें. प्रोग्राम चाले तेव्हां ती फाईल शेजारीं असे. आराखड्याच्या वेळीं यंत्र भलत्याच ठिकाणीं उभें.

‘आपण आराखड्यांत आहों काय?’ हें भागाला विचारतां येतें. मीं तें कन्स्ट्रक्टरमध्येंच विचारलें, आणि उत्तर आलें ‘नाहीं’! जन्म झाल्यावरच भागास त्याची जागा नेमून देतात. तोंवर त्याला काय ठाऊक? बारशापूर्वीं मुलाला नांव विचारण्यासारखेंच तें. शेवटीं वाचनाचें काम पुढें ‘लोड’च्या वेळीं नेलें व प्रश्नहि तेथेंच विचारला. प्रोग्राम पुन्हा बांधल्यावांचून आराखडा जुन्या बांधणीवरच चालतो, हें विसरल्यामुळें आणखी अर्धा तास गेला. मग उघडून पाहतों तों बटणें जागच्या जागीं!

गुरुपौर्णिमेस शास्त्रीबुवांनीं पडद्याजवळ डोळे नेऊन ‘भू’चा अर्थ स्वतः वाचला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “अक्षर अजून थोडें मोठें होईल का रे?”

त्याच सायंकाळीं मी पुन्हा आराखडा उघडून बसलों.