रायपूरचा जुना बाजार आणि शाईपेनाचा कन्व्हर्टर

नागपूरहून रेल्वेने निघालात की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं मागे पडतात आणि साधारण ३०० किलोमीटरनंतर रायपूर येतं. बहुतेक पाहुणे इथून कोसा सिल्कची साडी घेऊन जातात. तुम्हीही जरूर घ्या. पण येताना बॅगेत एक गोष्ट टाकायला विसरू नका. घरातल्या कपाटात, आजोबांच्या पेटीत किंवा मुलांच्या जुन्या कंपासमध्ये पडून असलेलं शाईपेन! रायपूरच्या जुन्या शहरातून पायी फिरता फिरता ते पुन्हा लिहितं करता येतं. त्यासाठी लागतो बोटाच्या दोन पेरांएवढा एक छोटासा भाग, कन्व्हर्टर.

तात्यापाऱ्यापासून सुरुवात करा

रायपूर १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडची राजधानी आहे, पण मराठी माणसाचं इथलं येणं-जाणं त्याहून कितीतरी जुनं आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य रतनपूरला आलं आणि हा मुलूख त्यांच्या अमलाखाली गेला. पुढे १८१८ मध्ये कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं. कारभारासोबत कारकून, शिक्षक आणि वकील आले. ‘पारा’ म्हणजे वस्ती, आणि तात्यापारा हे नाव तर मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटतं. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं आहे.

तिथून बुढापाऱ्यात या. बुढा तलावाच्या मधोमध स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा दिसेल. लहानपणी, १८७७ ते १८७९ या काळात, ते रायपूरला राहिले होते. जवळच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मातृभाषा मराठी असलेल्या सप्रेंनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणलं. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. शेकडो पानांची ही कामं हातानेच लिहिली गेली. आपण दिवसभर मोबाइलवर अंगठे चालवणारी माणसं, त्यामुळे या शाळेसमोर दोन मिनिटं थांबावंसं वाटतंच.

कन्व्हर्टर म्हणजे नेमकं काय?

शाईपेनात शाई मुख्यतः तीन प्रकारे भरतात. पहिला प्रकार आपल्या आई-बाबांच्या शाळेतला. पेनाचा दांडा उघडायचा आणि ड्रॉपरने थेट त्यात शाई ओतायची. दुसरा कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली प्लास्टिकची छोटी नळी. संपली की फेकायची आणि नवी बसवायची. तिसरा कन्व्हर्टर. तो कार्ट्रिजच्याच जागी बसतो, पण दौतीतून शाई ओढून घेतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो.

फायदा सरळ आहे. दौतीतली शाई कार्ट्रिजपेक्षा स्वस्त पडते, रंग हवा तो निवडता येतो आणि प्लास्टिकचा कचरा होत नाही. शाई भरतानाच निबही धुतल्यासारखी होते, त्यामुळे पेन अडकत कमी.

तोटाही ऐकून घ्या. ड्रॉपरच्या पेनात २ ते ३ मिलिलिटर शाई सहज मावते. कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा ०.५ ते ०.७ मिलिलिटरच. परीक्षेला तीन तास लिहिणाऱ्या मुलाने सकाळी शाई भरूनच निघावं.

रायपूरच्या उन्हाचं गणित

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांपर्यंत जातो. अशा गावात ड्रॉपरचं पेन खिशावर डाग का पाडतं, हे समजून घेतलंत तर कन्व्हर्टरचं महत्त्व आपोआप कळेल.

हवा तापली की पसरते. एसीच्या खोलीतून, म्हणजे २५ अंशांतून, तुम्ही ४० अंशांच्या रस्त्यावर आलात तर पेनातली हवा सुमारे ५ टक्के वाढते. बऱ्याच रिकाम्या झालेल्या ड्रॉपर पेनात २ मिलिलिटर हवा असेल, तर ०.१ मिलिलिटर शाई बाहेर ढकलली जाते. म्हणजे साधारण दोन थेंब! पांढऱ्या शर्टाला तेवढे पुरतात. कन्व्हर्टरमध्ये हवा असते ०.४ मिलिलिटरच्या आसपास. ती वाढली तरी ०.०२ मिलिलिटर शाईच सरकते आणि निबखालची खाचांची पट्टी, जिला जीभ म्हणतात, ती एवढी शाई सांभाळून घेते.

विमानाने येत असाल तर हेच गणित आणखी वाढतं, कारण विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. पेन एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं करा आणि निब वर करून ठेवा.

गोल बाजारात काय विचाराल?

रायपुरात कापडासाठी पंडरी, दागिन्यांसाठी सदर बाजार आणि बाकी सगळ्यासाठी गोल बाजार. मालवीय रोड आणि गोल बाजाराच्या गल्ल्यांत स्टेशनरीची दुकानं विचारत जा. दुकानदाराशी हिंदीत बोला, मजेत गप्पा होतील. मात्र “एक कन्व्हर्टर द्या” एवढंच म्हणू नका. आधी पेन पुढे करा आणि या गोष्टी तपासा.

१. तोंडाचं माप. कन्व्हर्टर सगळ्या पेनांना एकच चालत नाही. कानपूरच्या कॅनराइटसारखी अनेक पेनं ‘स्टँडर्ड इंटरनॅशनल’ माप वापरतात. पार्कर, लॅमी, पायलट, शेफर, प्लॅटिनम, सेलर यांची मापं आपापली. त्यांना त्याच कंपनीचा कन्व्हर्टर घ्या.

२. लांबी. तोंड बसलं तरी दांडा बंद होईलच असं नाही. पायलटच्या कॉन-४० मध्ये ०.४ आणि कॉन-७० मध्ये सुमारे १ मिलिलिटर शाई मावते, पण कॉन-७० मोठा असल्याने कंपनीच्याच सगळ्या पेनांत बसत नाही. म्हणून दुकानातच पेन पूर्ण बंद करून बघा.

३. शाई ओढण्याची पद्धत. मागचं टोक फिरवायचा कन्व्हर्टर सगळ्यात सोयीचा. काहींत खटका वर-खाली सरकवतात. काहींत रबराची पिशवी दाबतात, पण धातूच्या आवरणामुळे शाई किती उरली ते दिसत नाही. लहान मुलांसाठी फिरवायचा आणि पारदर्शक घ्या.

४. घट्टपणा. बसवताना हलकासा ‘टक्’ जाणवायला हवा. सैल बसणारा कन्व्हर्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका, तो गळणारच.

५. पाण्याची चाचणी. दुकानदाराला विनंती करून पेल्यातलं पाणी एकदा ओढून बघा. पाणी वर चढलं आणि निबेतून ठिबकलं नाही, तर सौदा पक्का.

मापाचा कन्व्हर्टर मिळालाच नाही तर नाराज होऊ नका. कार्ट्रिज आणि पेनाचं नाव लिहून घ्या आणि ऑनलाइन मागवा. तोवर रिकामी कार्ट्रिज धुऊन सिरिंजने पुन्हा भरता येते. हे काम मात्र मोठ्यांनीच करावं.

जुन्या पेनाचं आधी पोट बघा

वारशाने आलेल्या पेनासाठी घाईने खरेदी करू नका. पार्कर ५१ या गाजलेल्या पेनात १९४८ पासून दाबून शाई भरायची सोय आतच बसवलेली होती. त्याला वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. १९६० मध्ये आलेलं पार्कर ४५ मात्र कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर दोन्हींवर चालतं.

माझ्या आजोबांचं पेन मी असंच बाजारात नेलं होतं. दुकानदाराने दांडा उघडला, आतली धातूची नळी दाखवली आणि म्हणाले, “बेटा, पैसे ठेव. याला फक्त आंघोळ हवी आहे.” दोन दिवस साध्या पाण्यात निब भिजवली, निळं पाणी येणं थांबेपर्यंत नळी दाबत राहिले. तिसऱ्या दिवशी आजीने त्या पेनाने नागपूरच्या बहिणीला पत्र लिहायला घेतलं. आजोबा गेल्यापासून घरात मराठीत लिहिलेलं ते पहिलं पत्र होतं.

‘ळ’ लिहून बघा

पेन तपासताना लोक सही करतात किंवा रेघोट्या मारतात. तुम्ही ‘बाळ’, ‘फळ’, ‘कमळ’ लिहा. ‘ळ’ला दोन वळणं असतात आणि मधे हात उचलत नाही. शाई नीट वाहत नसेल तर दुसऱ्या वळणावर अक्षर फिकं पडतं.

याला दुसरंही कारण आहे. रायपूरच्या मराठी घरांतली मुलं शाळेत हिंदी लिहितात. लिपी तीच, पण हिंदीच्या वहीत ‘ळ’ येत नाही. घरात बोलतात ‘बाळ’ आणि कागदावर उमटतं ‘बाल’. पुणे-मुंबईच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचंही फारसं वेगळं नाही. रंगीत शाई आणि स्वतः भरलेलं पेन हातात आलं, की मुलं आनंदाने पान भरतात. एका पानात दहा ‘ळ’ येऊ द्या, बाकी उपदेशाची गरज पडत नाही.

घरी नेल्यावर

शाई भरताना निब पूर्ण बुडवा, टोक आधी उलटं आणि मग सुलटं फिरवा. दोन-तीन थेंब दौतीत परत सोडा आणि निब मऊ कपड्याने टिपा. ड्रॉइंगची किंवा वॉटरप्रूफ शाई कधीच भरू नका, ती आत सुकून पेन कायमचं बंद करू शकते. बाटलीवर फाउंटन पेनची शाई असं लिहिलेलं हवं. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, गरम पाणी नको. उन्हाळ्यात टोपण घट्ट लावा आणि पेन कारमध्ये ठेवू नका.

बाजार झाला की महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात गढकलेवाला जा. तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि फरा मागवा. मग जयस्तंभ चौकातल्या मुख्य पोस्टातून एक पोस्टकार्ड घ्या आणि नव्याने लिहित्या झालेल्या पेनाने घरच्यांना चार ओळी मराठीत लिहा. पत्ता तेवढा बॉलपेनने लिहा, शाई पावसात पसरते. कार्ड घरी पोहोचेपर्यंत तुम्हीही पोहोचलेले असाल, पण ते तुमच्यासमोर वाचलं जाईल आणि जपून ठेवलं जाईल.