पाषाणच्या वाटेवरची शाळा

पुण्याचें वर्णन करावयाचें म्हणजे पेठांपासून आरंभ करावयाचा, असा जणूं परिपाठच पडून गेला आहे. शनिवारवाडा, तुळशीबाग, ओंकारेश्वर आणि पर्वती एवढीं स्थळें हिंडवून आणलीं कीं पाहुण्यास पुणें दाखविल्याचें श्रेय आपल्या पदरीं पडतें. परंतु ह्याच शहराच्या पश्चिमेस, गणेशखिंडीपलीकडे पाषाणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक असें ठिकाण आहे कीं त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस बरेच दिवस वाटत होतें. जेसुइट फादरांचें लोयोला हायस्कूल तें हेंच. त्याची स्थापना १९६१ सालीं झाली आणि पहिल्याच वर्षीं ज्या मुलांचीं नांवें पटावर चढलीं, त्यांत आमचेंही एक होतें.

आमच्या घरीं ह्या गोष्टीवरून थोडाथोडका खल झाला नाहीं. घर नदीकांठच्या पेठेंतलें, माणसें अठरा, आणि शेवटचा शब्द आजोबांचा. पंचहौद मिशनमधील १८९० सालचें चहाचें प्रकरण त्यांनीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलें. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ति रानडे ह्यांच्यासारख्यांनाही ज्या चहापायीं ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें, तो चहा पाद्र्यांच्याच घरचा होता, असें ते म्हणत. तें मिशन प्रॉटेस्टंटांचें आणि ही शाळा कॅथॉलिकांची, हा भेद काकांनीं समजावून सांगितला. पण आजोबांच्या लेखीं पाद्री तो पाद्री! अखेर आजीनें निकाल दिला: "पोर शिकेल तें शिकूं द्या. घरीं आल्यावर हातपाय धुऊन परवचा म्हटला म्हणजे झालें."

वास्तविक कॅथॉलिक मंडळी पुण्यास कांहीं नवीन नव्हत. क्वार्टर गेटजवळील 'सिटी चर्च' १७९२ सालचें. पेशव्यांच्या पदरीं चाकरीस असलेल्या ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत त्यास जागा मिळाली. कँपांतील सेंट व्हिन्सेंट ही जेसुइटांचीच शाळा १८६७ पासूनची. आणि मराठीशीं ह्या पंथाचा संबंध तर त्याहूनही जुना. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास उतरला. आपली भाषा शिकला आणि १६१६ सालीं त्याचें 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध छापून निघालें. पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा मूळचा शिपाईगडी. १५२१ सालीं पँप्लोनाच्या लढाईंत त्याचा पाय तोफेच्या गोळ्यानें मोडला, अंथरुणावर पडल्यापडल्या त्याचें मन पालटलें, आणि १५४० सालीं त्याच्या पंथास पोपची मान्यता मिळाली. त्याचेंच नांव आमच्या शाळेस.

त्या काळीं पाषाणची वाट म्हणजे उघडें रान. वाटेंत जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यांत नव्यानें नांदूं लागलेलें विद्यापीठ, पुढें १९५० सालीं उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि मग बाभळी, गवत नि टेकड्या. शाळेचें बांधकाम अजून चालूच होतें. एका बाजूस पाढे नि कविता आणि दुसऱ्या बाजूस पाथरवटांच्या छिन्न्या, अशी दिवसभर जुगलबंदी चाले. वाळूचे ढीग हीच आमची क्रीडांगणें. डोक्यावर घमेलीं घेतलेल्या बाया ओळीनें परांचीवर चढत, आणि शुभ्र झगा घातलेले फादर चिखलांतून वाट काढीत गवंड्याशीं बोलावयास जात. लंबरेषा म्हणजे काय, हें आम्ही आधीं गवंड्याच्या ओळंब्यांत पाहिलें आणि मग पुस्तकांत वाचलें. कॅथॉलिक मुलें धर्मशिक्षणास गेलीं कीं बाकीच्यांस नीतिपाठ असे. भिंत रोज वीतभर वर येई. आपणही तिच्याबरोबर वाढत आहों, असें उगीचच वाटे.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस लोटतात न लोटतात तोंच १२ जुलै १९६१ चा दिवस उजाडला. सकाळीं पानशेतचें धरण फुटलें आणि पाठोपाठ खडकवासल्याचेंही. लकडी पूल पाण्याखालीं गेला. आमच्या वाड्याचा तळमजला बुडाला. माणसें वांचलीं, पण कोठीचें धान्य, देवघर आणि आमचीं कोरीं पुस्तकें सर्व चिखलांत गेलें. खडकवासला रिकामा झाल्यामुळें पुरांत बुडालेल्या शहरास पुढें प्यावयाचें पाणी मिळेना, ह्यासारखा दैवदुर्विलास कोणता!

कांहीं दिवसांनीं आम्ही शाळेंत गेलों तों रिकाम्या हातानें, डबाही नव्हता. शेजारीं बसणारा खडकीचा एक ख्रिस्ती मुलगा. त्यानें कांहीं न विचारतां आपल्या डब्यांतील अर्धा पाव आमच्यापुढें सरकविला, आणि आम्ही तो खाल्ला. संध्याकाळीं ही गोष्ट घरीं सांगितली तेव्हां ओसरीवर क्षणभर कोणी बोलेना. आजोबांनीं एवढेंच विचारलें, "त्याचें घर पाण्यांत गेलें का रे?" नाहीं म्हणतांच ते "बरें झालें" म्हणाले आणि पुन्हां गाळ उपसूं लागले. प्रायश्चित्ताचा विषय त्यांनीं पुढें कधींही काढला नाहीं. चूल नीट पेटूं लागल्यावर आईनें आमच्या डब्यांत दोन पोळ्या अधिक घालण्याचा प्रघात ठेवला. कशासाठीं, हें तिनें सांगितलें नाहीं नि आम्हीही विचारलें नाहीं.

आजोबांची धर्मांतराची भीति फोल ठरली. पण दुसरी एक भीति बाळगावयास हवी होती, ती कोणास सुचली नाहीं. ती भाषेची. इंग्रजी शाळेंत शिकलेल्यांच्या पुढच्या पिढीस ज्ञानेश्वरी ऐकूनच ठाऊक, अशीं घरें आज पेठेंतही थोडीं नाहींत. उलट फादर मॅथ्यू लेडर्ले हे जर्मन जेसुइट मराठी शिकून शनिवार पेठेंत 'स्नेहसदन' उभारून राहिले, आणि १९७६ सालीं महाराष्ट्राच्या आधुनिक तत्त्वचिंतनावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परक्यानें आपल्या ओसरीवर येऊन आपलीच पोथी उघडावी आणि आपण ती बासनांत बांधून ठेवावी, हें कांहीं शोभणारें नव्हे. इंग्रजी शाळेंत मूल घालणाऱ्या प्रत्येक घरानें निदान परवचा नि एक ओवी घरीं टिकवावी. आजीची अट तेवढीच होती.

आतां पाषाणचें रान शहरानें गिळलें आहे आणि शाळेपुढून वाहनांची रीघ लागलेली असते. तरीही पुणें पाहावयास येणाऱ्यानें एक दिवस निराळा काढावा: सकाळीं सिटी चर्च, मग कँपांतील सेंट व्हिन्सेंट, आणि उतरत्या उन्हांत पाषाणची वाट. पेठांच्या पुण्याशेजारींच हें दुसरें पुणें किती काळ नांदत आलें आहे, तें त्यास एका दिवसांत कळेल. जातांना डबा मात्र बरोबर घ्यावा, आणि त्यांत दोन पोळ्या अधिक असाव्यात.