जड होडी पाण्यांत उतरवितांना

होडी बांधणें ही एक विद्या आहे आणि बांधलेली होडी पाण्यांत उतरविणें ही दुसरी. पहिलीचें कौतुक सर्वत्र होतें. दुसरीची आठवण होडी किनाऱ्यावर अडून बसली म्हणजेच होते. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं वाचिली असेल. १७१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकांत हा एकाकी गृहस्थ एक प्रचंड वृक्ष तोडतो, महिनेच्या महिने खपून त्याची होडी कोरतो, आणि ती पुरी झाल्यावर त्यास कळतें कीं, अवघ्या शंभर यार्डांवरील पाण्यापर्यंत ती नेण्याचें बळ आपल्या अंगीं नाहीं. होडी पाण्याकडे जात नाहीं तर पाणीच होडीकडे आणावें, म्हणून कालवा खणण्याचा हिशेब तो करतो. तर त्यास दहाबारा वर्षें लागतील असें निघतें! वर्गांत हा भाग आला कीं मुलें खदखदां हसतात. कामोठ्याच्या खाडीवर २०२४ सालीं जें आम्हीं पाहिलें, त्यानंतर आम्हांस तितकें हसूं येत नाहीं.

मोठमोठ्या इंजिनियरांचीही हीच गत झालेली आहे. ब्रुनेलसाहेबांनीं ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाची अवाढव्य आगबोट टेम्स नदीच्या कांठीं बांधिली व ३ नोव्हेंबर १८५७ रोजीं ती आडवी सरकवून पाण्यांत लोटण्याचा घाट घातला. बोट थोडीशी हलली आणि बसली ती बसलीच. शेवटीं ३१ जानेवारी १८५८ रोजीं ती तरंगली. आमच्या मुंबईच्या वाडिया घराण्यानें यापेक्षां शहाणपणाची वाट पूर्वींच धरिली होती. १७५० सालीं मुंबईस सुकी गोदी झाली. तिच्यांत भरतीचें पाणी घेतां येई व दार लावून तें अडवितांही येई. म्हणजे क्रूसोस जें साधलें नाहीं तें येथें साधलें. याच वाडियांनीं सागवानी लाकडाचें बांधिलेलें व १८१७ सालीं पाण्यांत गेलेलें ‘त्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाहावयास मिळतें.

परंतु खाडीवरच्या नाखव्यास गोदी कोठली? त्याची रीत वेगळी होती. उतरत्या किनाऱ्यावर लाकडाचे ओंडके आडवे टाकावयाचे, त्यांस तेल चोपडावयाचें, आणि उधाणाच्या दिवशीं सारा गांव दोरास लावावयाचा. कामोठें म्हणजे आज उंच इमारतींचें नगर आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर या भागाचें रूप पालटत गेलें. भातशेती गेली, भराव पडले, आणि पुष्कळ ठिकाणीं जेथें उतार होता तेथें आतां दगडी बांध आहे. बांधावरून ओंडके काय कामाचे? शिवाय दोरास लागणारीं चाळीस माणसेंही सकाळच्या गाडीनें नोकरीवर गेलेलीं असतात. तेव्हां क्रेनवांचून गत्यंतर उरत नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील नाखवा आहेत. त्यांची होडी डागडुजीसाठीं खाडीकांठच्या भरावावर चढविलेली होती. पावसाळ्यांतील मासेमारीची बंदी त्या वर्षीं १ जून ते ३१ जुलै अशी होती. ती उठतांच होडी पाण्यांत हवी. बांधाखालीं ओहोटीला नुसता चिखल असतो. पुरेसें पाणी येतें तें अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच. म्हणून आषाढी अमावास्या, ४ ऑगस्ट, हा दिवस ठरला. रविवार असल्यानें आम्हीही गेलों.

येथें विद्यार्थ्यांसाठीं एक हिशेब सांगतों, जो आम्हांस कोणत्याही कॉलेजांत शिकविला नाहीं. तिथीची पाऊणपट करावी, कीं आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ अदमासें मिळते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमा-अमावास्या पंधरावी धरिली तर सव्वाअकरा. खाडीच्या आंत ती थोडी उशिरा पोहोंचते. गालीलच्या कोळ्यांस हा हिशेब करावा लागत नव्हता, कारण तो ‘समुद्र’ म्हणजे गोड्या पाण्याचें सरोवर. आमच्या खाडीवर मात्र तो चुकला कीं दिवस फुकट.

क्रेन नऊ वाजतां यावयाची ती हमरस्त्यावरच्या गर्दींतून साडेअकरास आली. ज्यास लोक ‘हायड्रा’ म्हणतात तें यंत्र, बारा टनी. होडीचें वजन नाखव्यांच्या अंदाजानें आठ टन. बारांत आठ सहज जातात असें कोणासही वाटेल. पण तरफेचा नियम तसें मानीत नाहीं. क्रेनची बारा टनांची शक्ति ओझें तिच्या अगदीं पुढ्यांत असतां असते. तेंच ओझें दूर धरिलें कीं शक्ति झपाट्यानें घटते. पट्ट्यांचेंही तसेंच. आंकड्यापासून होडीच्या दोन्ही बाजूंस उतरणारे पट्टे जितके फांकलेले, तितका त्यांवर ताण अधिक. प्रत्येक पट्टा उभ्या रेषेशीं साठ अंशांचा कोन करूं लागला, कीं दोघांपैकीं एकेकावर सगळ्या ओझ्याइतका ताण येतो. त्रिकोणमिति कशासाठीं, असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

होडी उचलली गेली. बांधाच्या कडेपर्यंत आलीही. पण ती बांधापलीकडे न्यावयास हात लांब करावा लागला, तसे पुढचीं चाकें भिजल्या मुरुमांत रुतूं लागलीं आणि मागचीं चाकें जमीन सोडून वर आलीं. होडी अधांतरीं झुलत होती. ड्रायव्हर तरुण पोरगा, तो म्हणाला, “नाखवा, आणखी दोन हात, जाईल.” पाणी तेव्हां भरून स्थिर झालें होतें. नाखव्यांनीं एकवार पाण्याकडे व एकवार त्या मागच्या चाकांकडे पाहिलें. “मागें घे,” ते म्हणाले, “होडी फुटली तर पुन्हां बांधीन. तूं खालीं गेलास तर तुझ्या आईला काय सांगूं?” होडी पुन्हां भरावावर टेकली. अर्ध्या तासांत बांधाखालीं चिखल दिसूं लागला.

त्या दिवशींचें भाडें द्यावेंच लागलें. पुढचें उधाण पंधरा दिवसांवर. इतर होड्या जाऊं लागलेल्या. मुलाची फी थोडी मागाहून चालेल काय, हें विचारण्यास नाखवा शाळेंत आले, तेव्हां दारांतच उभे राहिले. “मास्तर, कर्जाचा हप्ता आधीं,” एवढेंच म्हणाले. बसा म्हटलें तरी बसले नाहींत.

दुसऱ्या खेपेस त्यांनीं कांहीं दैवावर सोडिलें नाहीं. नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. पण सर्वांत मोठें पाणी पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनीं येतें, म्हणून द्वितीया घेतली. आमच्या विद्यार्थ्यानें फळ्यावर हिशेब मांडिला: दोनाची पाऊणपट दीड. यंत्र उतरविलें, जाळीं व नांगर काढिले, तळाशीं साचलेलें पावसाचें पाणी उपसलें. पाणी उपसणें क्षुल्लक वाटतें, पण एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. क्रेन मोठी आणिली, चार पाय बाहेर काढून उभी राहणारी, आणि प्रत्येक पायाखालीं जाड फळ्यांची चळत दिली, कारण भरावाची परीक्षा पूर्वींच झाली होती. पट्टे पुढें घसरूं नयेत म्हणून एकमेकांस दोरानें बांधिले, आणि ते फांकवून धरावयास वर एक लोखंडी आडदांडा दिला, म्हणजे फळ्यांवर चिमटा बसणार नाहीं. नाळेस व मागच्या टोंकास एकेक दोर बांधून तो चारचार माणसांच्या हातीं. वाऱ्यानें होडी फिरली कीं तिला आवरणारे तेच.

होडी उचलल्यापासून पाण्यास लागेपर्यंत दहा मिनिटेंही गेलीं नाहींत. इतक्या तयारीनंतर पाहणाऱ्यांस तें कांहींसें निराशाजनकच वाटलें. रस्त्यावरून मोबाइलवर चित्रें घेणारे लवकर निघून गेले.

काम मात्र संपलें नव्हतें. अडीच महिने उन्हापावसांत पडलेलें लाकूड आकसतें. सांध्यांत कापूस ठासून भरिला तरी प्रथम पाणी झिरपतेंच, आणि फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत उपसत राहावें लागतें. पट्टे लगेच सोडूं नका असें नाखव्यांनीं क्रेनवाल्यास सांगून ठेविलें होतें. बराच वेळ ते तळाशीं वांकून सांधे चांचपीत होते. मग त्यांनीं हात वर केला, पट्टे सुटले, आणि मुलगा डबा घेऊन बापाशेजारीं उपसावयास बसला. दुसऱ्या दिवशीं त्याची चांचणी परीक्षा होती. आम्हीं त्यास त्याची आठवण करून दिली नाहीं.