खळ्यावरचा फाल्गुन

उमरखेडहून समुद्र पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, मग पश्चिमेला कोकणाकडे जा की आग्नेयेला आंध्रच्या किनाऱ्याकडे. आमचं गाव मधोमध, पैनगंगेकाठच्या काळ्या रानात. लहानपणी समुद्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला. तरी फाल्गुनात तो आमच्याकडे यायचा, आणि त्याची पहिली खबर मोठ्या आईला लागायची.

हे कसं घडतं ते मला पुष्कळ उशिरा, लग्न होऊन रत्नागिरीला आल्यावर कळलं. बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब वाढला की त्याच्या कडेनं ओलसर वारे निघतात आणि आंध्र, तेलंगण ओलांडून विदर्भात शिरतात. त्याच सुमाराला भूमध्य समुद्राकडून आलेले पश्चिमी चक्रावात हिमालयाकडे जाता जाता कधी बरेच दक्षिणेला उतरतात आणि उंचावर गार, कोरडी हवा आणून सोडतात. खाली तापायला लागलेली जमीन आणि ओलावा, वर गारठा. दुपारपर्यंत लख्ख ऊन असतं. चारच्या पुढे ढग उभे चढत जातात आणि गारा पडतात. ऑगस्टातल्या ढगांतही बर्फ असतोच, पण खाली येईतो तो विरघळतो. फाल्गुनात गोठण्याची पातळी खाली असते, म्हणून गार जमिनीपर्यंत शाबूत पोचते.

रत्नागिरीतही असा आठवडा येतो. हापूसचा मोहोर काळवंडतो, तुडतुडे वाढतात, बागायतदारांचे चेहरे उतरतात. पण किनाऱ्यावर खराब हवेला एक मान आहे. बंदरावर बावटा चढतो, होड्या मिरकरवाड्याला परततात, अंगणात सुकत घातलेली मासळी बाया भराभर आत घेतात, आणि आभाळ निवळेपर्यंत गावात दुसरा विषय नसतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हवेची चर्चा जूनमध्ये सुरू होते आणि कापसाची बोंडं फुटली की संपते. फाल्गुनातलं आभाळ कुणाच्या हिशेबातच नसतं. ज्यांचा माल उघड्यावर पडलेला असतो, त्यांच्या मात्र असतं.

यंदा माहेरी गेले तेव्हा तसाच आठवडा चालू होता. सकाळी धुकं, दुपारी उकाडा, संध्याकाळी ढगांची दाटी, आणि थेंब पडतील न पडतील असा वारा. पळस फुलले होते. मोह अजून गळायला लागला नव्हता. मी खळ्याकडे निघाले, आणि खळं नव्हतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा भराव त्याच्यावरून गेला आहे. 284 किलोमीटरचा हा मार्ग. त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत तो आमच्या भागातून हदगावकडे उतरतो. ही रेल्वे हवीच होती. शकुंतला नावाची रेल्वेगाडी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत येई, तीही बंद पडली. नांदेडच्या दवाखान्यात माणूस न्यायचा तर एसटी किंवा कुणाची जीप, एवढंच आमच्या नशिबी होतं. तेव्हा भरावाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मोबदला मिळाला. विहीर मोजली, आंब्याची झाडं मोजली, बांधावरचं बोरीचं झाडसुद्धा मोजलं. खळं जमिनीत धरलं गेलं. पिढ्यान् पिढ्या शेणानं सारवून, पायांनी तुडवून दगडासारखी झालेली ती माती कागदावर निव्वळ गुंठे होती.

त्या गुंठ्यांवर आमची हळद वाळायची.

हळदीचं काम ज्यानं पाहिलं नाही त्याला ती लग्नात लावायची आणि भाजीत टाकायची वस्तू वाटते. जूनमध्ये बेणं लावलं की ती आठ-नऊ महिने जमिनीत राहते. माघात पाला वाळतो, तो कापायचा, मग कुदळीनं वाफा उकरायचा. बाया रांगेनं बसून माती झाडतात, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करतात. मग शिजवणं. माझ्या लहानपणी त्यासाठी मोठी लोखंडी काहील असे. खाली उसाचं पाचट आणि वाळलेल्या काड्या जाळायच्या, वर हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकायचं. फेस आला, वास बदलला, की हळकुंडात काडी खुपसून पाहायची. काडी सहज आरपार गेली की उतरवायची. पुढे वाफेवरचे कुकर आले आणि दोन तासांचं काम अर्ध्या तासात व्हायला लागलं. वाळवण्याला मात्र दुसरा उपाय निघाला नाही. दहा ते पंधरा दिवस कडक ऊन लागतं. दिवसा पसरायची, दर दोन तासांनी पायानं किंवा दाताळ्यानं हलवायची, रात्री ढीग करून झाकायची. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस-बावीस किलो होते. हाच काळ फाल्गुनाचा, आणि आभाळ फिरतं तेही फाल्गुनातच.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा ऐन तिशीत गेले. तिला मूल नव्हतं. सगळं शेत एकत्र होतं, वाटणी झाली नाही, आणि पुढे ती व्हावी असं कुणाला वाटलंही नाही. नव्वदच्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोच्या नावे जमीन करून द्यावी, अशी. महाराष्ट्रातल्या पुष्कळ बायांची नावं तेव्हा सातबाऱ्यावर चढली. मोठ्या आईच्या नावे करून देणारा नवरा तोवर उरला नव्हता, आणि दिरांना कुणी हाक दिली नव्हती. तिला विहिरीजवळचा एक तुकडा करायला दिला होता. ‘करायला दिला’ हेच शब्द घरात वापरले जायचे. त्या तुकड्यात ती हळद लावी. त्या पैशातून तिची लुगडी, तिचा दवाखाना, पंढरपूरची वारी, आणि दरवर्षी मला एक फ्रॉक. मी शिकायला नांदेडला गेले तेव्हा पहिल्या वर्षाची खोलीही तिच्या हळदीवरच भागली. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

आभाळाचं तिला कसं कळे, ते मी तिच्यामागे फिरून शिकायचा प्रयत्न केला. ती पहाटे खळ्यावर जायची आणि ढिगावरची ताडपत्री काढण्याआधी तिच्यावरून उलटा तळवा फिरवायची. मग पूर्वेकडे तोंड करून जरा वेळ उभी राहायची. “वारं ओलं येऊन राह्यलं,” असं म्हणाली की त्या दिवशी ती हळद पसरायची नाही. आम्ही वर बघायचो तर आभाळ निळंशार. पुरुषमाणसं हसायची. संध्याकाळी मात्र तिकडे काळोख भरून यायचा.

2014 साली महाशिवरात्र 27 फेब्रुवारीला होती. थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, तशी ती गेली, आणि तिच्या मागोमाग ते दिवस आले. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून गारपीट होत राहिली. गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे फुटले, संत्र्याच्या बागांखाली फळांचा सडा पडला. मी तेव्हा माहेरी आले होते. खळ्यावर दोन ढीग होते, एक घरचा, मोठा, आणि एक तिचा, भिंतीलगत.

त्या दिवशी पहाटेच ती म्हणाली होती, “आज नोका पसरू.” पण तीन दिवसांच्या ढगाळीनं हळद दमट झाली होती. आणखी एक दिवस झाकून राहिली तर बुरशी धरेल, असं काकांचं म्हणणं, आणि तेही खरं होतं. घरची हळद पसरली. मग मोठ्या आईनंही आपली पसरली. चारला वारा एकदम पडला. खळ्यावर शिजल्या हळदीचा कापरासारखा उग्र वास असतो, तो जागच्या जागी थिजल्यासारखा झाला. झाडावरचे कावळे गप्प. काकांनी हाक मारली आणि सगळे धावले. फावड्यांनी, सुपांनी, हातांनी हळद ओढून ढीग करायचा, वर ताडपत्री, कडेला दगड. घरात पाच ताडपत्र्या होत्या. पहिली ताडपत्री मोठ्या आईनं ओढली, आणि ती तिनं घरच्या ढिगावर घातली. दुसरी, तिसरी, चौथी तिथंच लागली. ती स्वतः वाकून दगड लावत होती. तिच्या ढिगाकडे कुणीही गेलं नव्हतं, तीसुद्धा नाही. पाचवी ताडपत्री फाटकी होती. ती घेऊन ती भिंतीकडे वळली तोवर पहिल्या गारा आल्या.

मी तिच्यामागे गेले. ताडपत्रीचं भोक जिथं होतं तिथं तिनं आपल्या अंथरुणावरचं घोंगडं आणून घातलं. गारा घोंगड्यावर साचत राहिल्या, ती त्या दोन्ही हातांनी लोटत राहिली. हातांवर वळ उठले. मी तिला ओढत होते, ती हलत नव्हती. अंधार पडला, गारा थांबल्या, पाऊस लागला, आणि खालून पिवळं पाणी वाहायला लागलं. त्या पाण्यात ती अनवाणी उभी होती. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, “पोरी, तुह्या चपला भिजून राह्यल्या, घरात जाय.”

त्या प्रसंगाबद्दल मी काकांशी कधी बोलले नाही. मोठा ढीग आधी झाकायचा, यात हिशेब म्हणून चूक काही नव्हती. घर त्याच्यावर चाललं होतं. पण त्या घरात जे जेवत होते त्यांतल्या एकाचंही पोट तिच्या ढिगाशिवाय अडलं नसतं, आणि तिचं सगळं त्याच ढिगावर होतं. इतक्या वर्षांनीही त्या घरातल्या जेवणाचा घास माझ्या तोंडात तेवढ्यापुरता कडू होतो.

पुढच्या दिवसांत ऊन आलं तेव्हा तिनं हळद पुन्हा पसरली, पुन्हा हलवली. हळद वाळलीही. पण चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की खणकन आवाज येतो आणि आत केशरी पिवळं दिसतं. तिचं मोडलं की आवाज बसका, आणि आत करडी रेघ. हिंगोलीच्या बाजारात व्यापाऱ्यांनी पोत्यात हात घालून दोन-चार हळकुंडं मोडली आणि पुढे गेले. अखेरीस जो भाव मिळाला तो बेण्यालाही पुरला नाही.

पंचनाम्याला माणसं आली ती वावरात गेली. गहू पाहिला, हरभरा पाहिला, लिहून घेतलं. मी त्यांना खळ्यावर या म्हटलं. आलेल्यांतला एक जण तरुण होता, चेहऱ्यानं दमलेला. तो म्हणाला, “ताई, काढलेला माल धरता येत नाही. उभं पीक असेल तर लिहितो.” मोठी आई तिथंच होती. ती म्हणाली, “लिवा बापा, गहूच लिवा. तो तं खरंच झोपला.” गहू घरचा होता. त्या मार्चमध्ये राज्य सरकारनं गारपीटग्रस्तांसाठी चार हजार कोटींची मदत जाहीर केली. त्याच महिन्याच्या 20 तारखेला आमच्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या दाभडीत, नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली आणि देशभर यवतमाळच्या शेतकऱ्याचं नाव निघालं. आमच्या घरीही मदतीचा धनादेश आला. सातबारा ज्यांच्या नावे होता त्यांच्या नावे.

त्यानंतर तिनं हळद लावली नाही. तुकड्यात घरची तूर यायला लागली. काही वर्षांनी एका हिवाळ्यात ती गेली.

आता पुष्कळ बदललं आहे. 2016 मध्ये आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत काढणी करून शेतात वाळत घातलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत गारपीट आणि अवकाळीपासून संरक्षण देण्याची तरतूद झाली; महाराष्ट्रात ती 2025 च्या खरिपापर्यंत होती. बहात्तर तासांत कळवावं लागे. फोनवर तीन-चार दिवस आधी इशारा येतो, विजेचा धोका ‘दामिनी’ ॲप सांगतं. ही कामं मोलाची आहेत. पण हळद उकरण्यापासून वाळून पोत्यात जाईपर्यंत तीन आठवडे सहज लागतात, आणि चौदा दिवसांनंतरही ती उघड्यावरच असते. इशारा आला तरी फाल्गुनात मजूर कुठून आणायचे आणि एवढ्या ताडपत्र्या कुठून? यंदा गावात मी तीन खळ्यांवर गेले. तिन्ही ठिकाणी हळद झाकत होत्या त्या बायाच होत्या, आणि तिन्ही वावरं पुरुषांच्या नावे होती.

तिच्या हळदीचं नुकसान अकरा पोत्यांचं होतं. हा आकडा कुठल्याही कागदावर नाही, म्हणून इथं लिहिला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर माघ-फाल्गुनात जे पंचनाम्याला जातात, त्यांना माझी विनंती आहे. वावरातून परतताना खळ्यावरही थांबा. सातबारा बघून झाला की तिथं उभ्या असलेल्या बाईला विचारा, यातली तुझी किती. आणि ती जे सांगेल ते तिच्या नावानं लिहून घ्या.