भिंगांतील बुरशी

वस्तु दोन प्रकारांनीं नाश पावतात. कांहीं वापरानें झिजतात, तर कांहीं न वापरल्यानें कुजतात. पहिला नाश डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याची धास्ती घेतों. चांगलीं भांडीं सणावारासाठीं माळ्यावर ठेवतों, आणि जी वस्तु विशेष मोलाची ती कुलपाआड नेऊन ठेवतों. दुसरा नाश मात्र मुकाट्यानें, अंधारांत, कोणाचाहि दोष न दिसतां होत असतो. कॅमेऱ्याच्या भिंगाला लागणारी बुरशी हें या दुसऱ्या नाशाचें इतकें नमुनेदार उदाहरण आहे कीं, ज्यांच्या घरीं कॅमेरा नाहीं अशा वाचकांनींहि तिची हकीकत एकदां ऐकून ठेवावी असें आम्हांस वाटतें.

लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागला म्हणजे काय होतें, हें आमच्या गृहिणींना सांगावयास नको. भिंगांतील बुरशी त्याच गोतांतली. तिचे बीजाणु हवेंत सर्वत्र असतात; त्यांच्यापासून सर्वस्वीं मुक्त असें एकहि भिंग नसतें. त्यांना रुजण्यास चार गोष्टी लागतात: दमटपणा, अंधार, कोंडलेली हवा आणि चिमूटभर अन्न. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७० च्या आसपास वा त्यावर कांहीं दिवस टिकली म्हणजे पहिली अट पुरी होते. मुंबईंत वा कोंकणांत जुलै-ऑगस्टमध्यें ती बहुधा शेंकडा ८० च्याहि वर असते. पुढच्या दोन अटी चामड्याची पेटी पुरवते. चामडें ओल धरतें, उजेड अडवतें आणि हवा खेळूं देत नाहीं. राहिला अन्नाचा प्रश्न. कांच बुरशीला पचत नाहीं. परंतु कांचेवरची धूळ, कापडाचा एखादा तंतु, बोटाचा तेलकटपणा एवढ्यावर तिचा निर्वाह होतो. वाढतां वाढतां ती आम्लें सोडते, व तीं आम्लें कांचेवरील पातळ लेप आणि पुढें खुद्द कांचहि कोरूं लागतात. बुरशी पुसतां येते; आम्लानें कोरलेला व्रण पुसतां येत नाहीं. या रोगाविषयीं एवढें एक वाक्य लक्षांत राहिलें तरी पुरे.

हा रोग केवळ हौशी लोकांच्याच वाट्याला आला असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीसारख्या उष्ण व दमट प्रदेशांत लष्कराच्या दुर्बिणी याच बुरशीनें निकामी होऊं लागल्या. तेव्हां ऑस्ट्रेलियांत मेलबर्न विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं या प्रश्नाला हात घातला. त्यांत एथेल मॅक्लेनन या बुरशीशास्त्रांतील विदुषी होत्या. पाऱ्याचा अंश असलेलें एक बुरशीनाशक उपकरणाच्या आंतच योजावयाचें, अशी त्यांची युक्ति होती, आणि तिचा वृत्तान्त १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पारा विषारी असल्यामुळें तो उपाय घरांत करण्याजोगा नाहीं.

आमच्या घरचा अनुभव असा आहे. थोरल्या काकांजवळ रशियन बनावटीचा झेनिट कॅमेरा होता, व त्याला हेलिओस नांवाचें ५८ मिलिमीटरचें भिंग होतें. घरांतल्या मुंजी, लग्नें, बारशीं सर्व त्यांनींच टिपलीं. त्यामुळें घरच्या बहुतेक छायाचित्रांत ते स्वतः मात्र नाहींत. २००९ सालीं ते वारले. काकूंनीं कॅमेरा त्याच्या पेटींत घालून देवघराशेजारच्या फडताळांत ठेवला, आणि त्याला कोणीं हात लावावयाचा नाहीं असा घरांत अलिखित नियम होऊन गेला. त्यामागील भावनेचा आम्ही आजहि आदर करतों.

१४ पावसाळे गेल्यावर, २०२३ सालीं, आमच्या पुतणीनें तें भिंग आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला लावण्याची इच्छा बोलून दाखविली. मधें एक कडें बसविलें म्हणजे असलीं जुनीं, आट्याचीं भिंगें आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना लागतात. पेटी उघडून भिंग विजेरीसमोर धरलें, तों आंत कोळिष्टकासारखे शुभ्र तंतु पसरलेले! भिंग खोलावयाचें कीं नाहीं, यावर घरांत दोन तट पडले. “त्यांची वस्तु आहे तशी राहूं दे,” असें काकू म्हणाल्या. पुतणी हळूच म्हणाली, “आजी, ती आहे तशी राहतच नाहीं हो. रोज थोडी थोडी जाते आहे.” काकू दोन दिवस या विषयावर कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं स्वतःच पेटी आणून आमच्यापुढें ठेवली.

एका अनुभवी कारागिरानें तें काम आमच्या समक्ष केलें. हेलिओसमध्यें सहा कांचा चार गटांत बसविलेल्या असतात. प्रत्येक गट बाहेर काढतांना त्याची पुढची बाजू कोणती, याची तो खूण करून ठेवी. कारण एक कांच उलटी बसली कीं सारें भिंग वायां. आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या मऊ कागदानें, मध्यापासून कडेकडे, जोर न लावतां त्यानें कांचा पुसल्या. तेवढ्यानें न निघालेल्या तंतूंवर हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनिया यांचें मिश्रण, खिडक्या उघड्या ठेवून, वापरलें. तंतु गेले. परंतु एका कांचेवरचा लेप खाल्ला गेला होता. तेथें नखाएवढा फिकट व्रण कायम राहिला. उजेडासमोर धरून छायाचित्र घेतलें तर त्यावर किंचित् धुकें उतरतें, एरवीं तो जाणवत नाहीं. पुतणीनें पहिलें छायाचित्र काकूंचेंच घेतलें. काकूंनीं तें बराच वेळ पाहिलें आणि “पुढच्या खेपेस मला चष्मा काढूं दे,” एवढेंच त्या म्हणाल्या.

जुनीं भिंगें विकत घेण्याची हौस अलीकडे तरुण मंडळींत बरीच दिसते, म्हणून परीक्षेच्या दोन गोष्टी सांगतों. भिंगाची झांप पूर्ण उघडावी, मागून विजेरीचा झोत टाकावा, आणि भिंग तिरपें करीत पाहावें. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. तिचें भय नको. एकसारखें धुकें असलें तर तें बहुधा वंगणाच्या वाफेचें, व तें बहुतेक वेळां निघतें. फांद्या फुटल्यासारखे तंतु दिसले म्हणजे ती बुरशी. ती कडेला थोडीशी असेल तर चित्रांत तिचा मागमूसहि लागत नाहीं. भाव मात्र पाडून मागावा. पण एकमेकींस चिकटविलेल्या दोन कांचांच्या मधोमध ती शिरली असेल, तर घरगुती उपायांचा हात तेथें पोंचत नाहीं. असें भिंग परत करावें हें बरें.

उन्हांत ठेवल्यानें बुरशी बरी होते, अशी एक समजूत आहे. तीवर विसंबूं नये. बुरशीला मारक असे जे किरण, त्यांतील बरेचसे कांचच अडविते. शिवाय मेलेले तंतुहि पुसल्यावांचून जागचे हलत नाहींत. आणि भिंगांतून एकवटलेलें ऊन जवळच्या कागदाला वा कापडाला आग लावूं शकतें, तें निराळेंच.

खरा उपाय आधींचा. घट्ट झांकणाचा एक डबा घ्यावा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या व आर्द्रता दाखविणारें एक लहान यंत्र ठेवावें. आर्द्रता शेंकडा ४० ते ५० राहिली म्हणजे ठीक. फार कोरडेपणाहि वंगणाला सोसत नाहीं. निळ्या जातीचे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले कीं मंद आंचेवर पुन्हां वाळवावे. चामड्याची पेटी आठवण म्हणून वेगळी ठेवावी. भिंग तिच्यांत ठेवूं नये.

परंतु डब्याहून मोठा उपाय म्हणजे वापर. जें भिंग महिन्यांतून दोनदां हातांत येतें, त्याला उजेड मिळतो, वारा मिळतो, आणि कांहीं बिघडलें तर तें वेळींच डोळ्यांना दिसतें. शालू-पैठण्यांना ऊन-वारा दाखविण्याची, पोथ्या उघडून चाळण्याची रीत आपल्या घरांतून पूर्वापार आहे. वडिलांच्या कॅमेऱ्यालाच तेवढें तिच्यांतून वगळण्याचें कारण नाहीं. पावसाळा सरतां सरतां दसरा येतो, आणि त्या सुमारास आपण घरांतल्या हत्यारांची पूजा करतों. त्या दिवशीं कॅमेराहि बाहेर काढावा, विजेरीसमोर धरून पाहावा, हळद-कुंकू मात्र त्याच्यापासून दूर ठेवावें, आणि घरांतील सर्वांना एकत्र बसवून त्यानें एक छायाचित्र घ्यावें. नेहमीं कॅमेऱ्यामागें उभा राहणारा जो कोणी असेल, त्याला त्या दिवशीं आवर्जून पुढें बसवावें.