दुकानाच्या तीन पायऱ्या

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचें लग्न ठरलें आणि बस्त्याचा विषय निघाला. गेलीं चाळीस वर्षें आमच्या घरचा बस्ता थोरल्या वहिनींनीं निवडावा, असा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला व तेव्हांपासून त्या चाकांच्या खुर्चींत असतात. पण पदर हातांत घेऊन जरीचा कस ओळखणें हें कांहीं पायांचें काम नव्हे! तेव्हां त्यांना घेऊन आम्ही सर्व मंडळी पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावरील नेहमींच्या दुकानीं गेलों.

दुकानाला तीन पायऱ्या आहेत, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. मालक भले गृहस्थ. त्यांनीं लगेच दोन नोकर बोलावले आणि म्हणाले, "काकूंना खुर्चीसकट वर घेतों." वहिनी उत्तरल्या, "मी का तांदळाचें पोतें आहें?" मग साड्याच खालीं आल्या. रहदारीच्या गलबल्यांत एकेक घडी त्यांच्या मांडीवर उलगडली गेली. उन्हांत रंग अधिक खरा दिसतो, हें त्यांनींहि हंसून कबूल केलें. पण खालीं येणाऱ्या वीस साड्या कोणीतरी आधींच निवडलेल्या असतात. गादीवर बसून, कपाटाकडे बोट दाखवून, "ती नव्हे, तिच्याखालची" असें म्हणण्याचा अधिकार रस्त्यावर कोठून येणार?

घरीं आल्यावर आम्हीं कायदा चाळला. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम सार्वजनिक इमारतींत खासगी मालकीच्या व्यापारी जागाहि धरतो. म्हणजे कापडाचें दुकान त्यांत आलेंच. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तर सुगम्यतेची मानकें केवळ शिफारशीवर सोडणारा नियम अधिनियमाशीं विसंगत ठरविला, व किमान आवश्यक गोष्टी सक्तीच्या करण्यास सरकारला सांगितलें. उताराचें मान एकास बारा. सहा इंचांच्या एका पायरीस सहा फूट, तिहींस अठरा! एवढा उतार बाहेर काढला तर तो रहदारींतच जाईल. म्हणून मालकांची अडचण आम्ही खोटी म्हणत नाहीं. मात्र उतार आंत वळवितां येतो, लहानशी लिफ्ट बसवितां येते. आणि दुकानाची डागडुजी तर दर दिवाळीस होतच असते.

एकाच पायरीचें दुसरें दुकान पाहिलें. तेथें हौसेनें फळी टाकण्यांत आली, पण ती जेमतेम दोन फुटांची. चढ इतका उभा कीं खुर्ची मागें घसरूं लागली. दोघांनीं ती रेटून आंत घातली. आंत कपाटांमधली वाट साड्या नेसविलेल्या पुतळ्यांनीं अडविलेली!

शेवटीं शालू आम्हींच पहिल्या दुकानांतून आणला. वहिनींनीं तो उलटसुलट करून पाहिला, जरीचें काम चांगलें आहे म्हणाल्या, आणि विचारलें, "याच्या शेजारीं दुसरा कोणता होता?"

आम्हांस तें आठवेना.