कासवाच्या कुळातले लुथरन

योहानेस गॉसनर या जर्मन धर्मगुरूने १८१२ साली एक लहानसं चित्रपुस्तक काढलं. त्यात माणसाचं हृदय काढलेलं आहे आणि त्या हृदयात सात जनावरं दाटीवाटीनं बसली आहेत. मोर म्हणजे गर्व, बोकड म्हणजे वासना, डुक्कर म्हणजे खादाडपणा, बेडूक म्हणजे लोभ, साप म्हणजे मत्सर, वाघ म्हणजे संताप आणि कासव म्हणजे आळस. आपल्या षड्रिपूंतला मोह काढून, खादाडपणा आणि आळस यांची भर घालून प्रत्येकाला तोंड आणि शेपूट दिली, की हे चित्र तयार! पश्चात्तापानं ही जनावरं एकेक करून हृदयाबाहेर पडतात, असं पुढच्या पानांवर दाखवलं आहे. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत या पुस्तकाची भाषांतरं झाली.

बँकेच्या बदलीमुळे मी रांचीत राहायला गेलो, तेव्हा हे पुस्तक मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झाली ती आधी माणसं. शाखेतले अर्धे सहकारी एक्का, मिंज, टोप्पो, तिर्की, लाकडा. त्यातले बरेचसे लुथरन. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात, तशी इथल्या उराँव आदिवासींत ही कुळांची नावं. टोप्पो सुतारपक्ष्याचे, मिंज माशाचे, तिर्की उंदराचे, लाकडा वाघाचे आणि एक्का कासवाचे. ज्या जिवाचं कूळ, त्याला मारायचं नाही, खायचं नाही, आणि एकाच कुळात सोयरीक करायची नाही. गॉसनरनं ज्या कासवाला हृदयातून हाकलायला सांगितलं, त्याच कासवाचं नाव लावून हे लोक गॉसनरच्या नावाच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. मला यात गंमत वाटली, अजूनही वाटते. त्यांना ती तितकीशी वाटत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून कूळ थोडंच बदलतं?

गॉसनर मूळचा कॅथलिक पाद्री, पुढे प्रोटेस्टंट झाला. कारागिरांना, हातानं काम करणाऱ्या साध्या माणसांना परदेशी धाडायचं हा त्याचा खाक्या. त्याचे चार मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ रोजी रांचीत पोचले. छोटानागपूर, म्हणजे रांचीभोवतीचा हा मुलूख, काही त्यांचं ठरलेलं ठिकाण नव्हतं. कलकत्त्यात रस्त्यावर राबणारे मजूर त्यांना दिसले, हे कुठले म्हणून त्यांनी चौकशी केली आणि तिकडेच निघाले, असं सांगतात. पुढची चार-साडेचार वर्षं उराँवांपैकी एकही माणूस त्यांच्या पंथात आला नाही. अखेर ९ जून १८५० रोजी चार उराँवांनी बाप्तिस्मा घेतला. हे चौघे आधी कबीरपंथाकडे वळलेले होते. त्यांना येशू डोळ्यांनी पाहायचा होता, असं त्यांच्याविषयी आवर्जून सांगितलं जातं. ऐकीव ज्ञानावर न भागणारी ही माणसं कबीराकडून आली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लुथरन ज्याचं नाव लावतात त्या लुथरचा मुख्य आग्रह असा, की तारण कर्मानं किंवा नवसानं मिळत नाही, ते केवळ कृपेनं, विश्वासानं मिळतं. कबीराच्या अंगणातून आलेल्याला हे अगदीच परकं वाटलं नसणार.

पण गावंच्या गावं या वाटेनं गेली ती केवळ कृपेच्या ओढीनं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. जमीन हातची चालली होती. जंगल तोडून ज्यांनी शेतं केली, त्यांच्याच डोक्यावर बाहेरून आलेले जमीनदार आणि ठेकेदार बसले होते. वेठबिगार होती. कचेरीत साहेबाशी बोलू शकेल असा कुणीतरी आपल्या बाजूला हवा होता, आणि जर्मन पाद्री तसा दिसत होता. १८५७ च्या उठावात मिशनरी कलकत्त्याला पळाले, नवे ख्रिस्ती रानात लपले आणि रांचीच्या नव्या कोऱ्या ख्राइस्ट चर्चवर तोफेचे गोळे पडले. हे चर्च त्याआधी दोन वर्षांच्या आतच, १८५५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी उघडलं होतं.

मिशनरी कितीही भले असले, तरी जमिनीच्या प्रश्नावर ते एका मर्यादेपलीकडे गेले नाहीत. जमिनीच्या हक्कासाठी उठलेल्या आदिवासी सरदारांची चळवळ सरकारच्या अंगावर जाऊ लागली, तसे ते मागे सरले. चाईबासाच्या जर्मन शाळेत शिकलेला एक मुंडा मुलगा या कारणानं चर्च सोडून गेला. त्याचं दाऊद हे बाप्तिस्म्याचं नाव आज कुणी घेत नाही, बिरसा मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे. रांचीच्या तुरुंगात तो वारला ती तारीखही ९ जूनच, साल १९००. पहिल्या बाप्तिस्म्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

मंडळीत फूटही पडली. १८६९ मध्ये जुने मिशनरी आणि मिशनचे बर्लिनमधले चालक यांच्यात बिनसलं आणि मोठा गट अँग्लिकनांकडे गेला. पुढे बेल्जियन जेझुइट आले, तेही पुष्कळांना घेऊन गेले. पण खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. जर्मन हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. इंग्रज सरकारनं त्यांना आधी नजरकैदेत टाकलं, मग देशाबाहेर काढलं. देखरेख अँग्लिकन बिशपकडे आली. आता त्यांच्यातच मिसळून जा, असं सुचवलं जाऊ लागलं. साहेब गेले, पैसा आटला, अशा वेळी एखादी लेचीपेची संस्था बुडालीच असती. या लोकांनी १० जुलै १९१९ रोजी आपलं चर्च स्वायत्त असल्याचं जाहीर केलं. पहिले अध्यक्ष झाले हानूख दत्तो लाकडा. वाघाच्या कुळातले!

हे जमलं कसं, याचं उत्तर चर्चच्या रांचीतल्या कचेरीत मिळत नाही. रांचीच्या पश्चिमेला एका सहकाऱ्याच्या गावी मी रविवारी गेलो होतो, तिथं ते थोडंफार दिसलं. पाद्री तिथं रोज नसतो. त्याच्या वाट्याला कितीतरी मंडळ्या येतात. गावची उपासना चालवतो तो प्रचारक, आणि त्याच्या पाठीशी असतात ‘प्राचीन’ म्हणजे निवडून दिलेले वडीलधारे. उराँव गावात पाहान देवाचं बघतो आणि महतो व्यवहाराचं. ही जुनी घडी मोडून चर्च आलं असं म्हणतात. मला वाटतं, त्या घडीतच ते जाऊन बसलं. म्हणून तर जर्मन गेल्यावरही रविवारची घंटा चुकली नाही.

सगळं मात्र मिळून गेलं असं नाही. आखाड्यातला, म्हणजे गावच्या नाचाच्या मैदानातला नाच आणि हंडिया म्हणजे तांदळाची दारू, यांवर पाद्र्यांचा डोळा पहिल्यापासून होता. माझ्या सहकाऱ्याच्या चुलत्यांनी आपला जुना सरना धर्म सोडलेला नाही. सरहुलच्या सणाला ते सालाची फुलं आणतात, तेव्हा हे लुथरन घर दारात उभं राहतं आणि काय करावं ते दर वर्षी नव्यानं ठरवतं.

उपासना संपली. ‘यीशु सहाय, यीशु सहाय’ करत हात मिळवणं झालं आणि बायकांनी आपापली गाडगी पुढं आणली. रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा, हा इथला नेम. शिवाय कुणी भोपळा आणला होता, कुणी कोंबडी. प्रचारक काही मिनिटांपूर्वी कृपेवर बोलत होता, तोच आता कोंबडी उलटी धरून बोली पुकारू लागला. शंभरावरून ती दीडशेवर गेली. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं तांदळाचं माप कमी भरतंय अशी तक्रार केली. प्राचीनांपैकी एकानं तिला गप्प बसायला सांगितलं, ती काही बसली नाही. गेल्या महिन्याचा हिशेब वाचून दाखवा, मग बोली करा, असं ती म्हणाली. दोघीतिघी बायकांनी तिची री ओढली. तेव्हा प्रचारकानं कोंबडी एका पोराच्या हाती दिली आणि वही उघडली.